वापरलेली स्पोर्ट्‌स कार घेण्यापूर्वी ती कशी पारखावी

साध्या प्रवासी गाडीची पारख करताना किलोमीटरचा आकडा, टायर, रंग आणि एक छोटी चक्कर एवढ्यावर बहुतेकांचे भागते आणि त्यात सहसा मोठी फसगतही होत नाही. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत मात्र एवढ्यावर विसंबले तर पस्तावण्याची वेळ येते. किलोमीटरचा आकडा फक्त अंतर सांगतो. ते अंतर कापताना इंजिन किती तापले, ते मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत पिळले गेले आणि गिअरबॉक्सने व चासीने किती धक्के सोसले, हे तो सांगत नाही. लांबच्या रस्त्यावर एका लयीत चाललेली आणि वेळच्या वेळी ऑईल बदललेली ९०,००० किलोमीटरची गाडी आतून निरोगी असू शकते. उलट ट्रॅकवर दर महिन्याला फिरवलेली, ऑईल गरम होण्याआधीच रेडलाइनपर्यंत, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत, नेलेली ३०,००० किलोमीटरची गाडी दिसायला कोरी करकरीत असूनही मोठ्या खर्चाच्या उंबरठ्यावर असू शकते. म्हणून पुढे दिलेल्या तपासणीचा सारा रोख एकाच प्रश्नावर आहे: ही गाडी किती चालली यापेक्षा ती कशी चालवली गेली, आणि चालवणाऱ्याने तिची देखभाल कशी ठेवली?

तपासणीच्या क्रमालाही महत्त्व आहे. काही दोष फक्त इंजिन थंड असताना कळतात, काही फक्त ते पूर्ण तापल्यावर, आणि गाडी एकदा चालवून आनंद झाला की पाहणाऱ्याची नजर सैल पडते. त्यामुळे चालवण्याचा भाग शक्य तितका शेवटाकडे ठेवावा.

गाडीच्या आधी मॉडेलचा अभ्यास

प्रत्येक स्पोर्ट्‌स कारची स्वतःची अशी एक-दोन दुखणी असतात आणि ती त्या मॉडेलच्या मालकांना व जाणत्या मेकॅनिकना पाठ असतात. ती माहीत नसतील, तर गाडीभोवती तासभर फिरूनही नेमके जिथे पाहायला हवे तिथे नजर जात नाही.

उदाहरणार्थ, १९९७ ते २००८ या मॉडेल वर्षांतील पोर्शे बॉक्सटर आणि त्याच काळातील वॉटर-कूल्ड ९११ यांच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो. त्याच्या टोकाचे बेअरिंग निकामी झाले, तर सबंध इंजिन हातचे जाऊ शकते. याच काळातील ९११ टर्बो आणि जीटी३ यांची इंजिने वेगळ्या बांधणीची असल्याने त्यांना हा धोका नाही, आणि २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात तो शाफ्टच ठेवलेला नाही. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बेअरिंग बदलले आहे का, कधी, आणि कोणत्या प्रकारचे बसवले, याचे बिल अशा वेळी गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचे ठरते.

ई४६ पिढीच्या बीएमडब्ल्यू एम३ मध्ये मागची सबफ्रेम (मागच्या चाकांचे जोडकाम धरणारी चौकट) जिथे बसते तिथल्या फरशीच्या पत्र्याला तडे जातात. त्यानंतरच्या व्ही८ एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यांची) बेअरिंग वेळेआधी झिजतात. पहिल्या दोन पिढ्यांच्या माझदा एमएक्स-५ मध्ये कापडी छपराचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, पाणी दाराखालच्या पत्र्यात साचते आणि मागच्या चाकाच्या पुढे गंज आतून बाहेर येतो. माझदा आरएक्स-८ चे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेले) हा तर निराळाच विषय आहे. ते रचनेनुसारच थोडे ऑईल जाळते, त्यामुळे दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑईल टाकावे लागणे हा त्याचा दोष नव्हे; मात्र गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर कॉम्प्रेशन (इंजिनात इंधन-हवेवर येणारा दाब) उतरल्याची दाट शंका घ्यावी. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) बदलण्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते, म्हणून तिथे बेल्ट शेवटचा कधी बदलला हा प्रश्न पहिल्याच बोलण्यात विचारावा. बेल्ट किलोमीटरवर तसा वर्षांवरही संपतो. उभी राहिलेली गाडी त्याला अपवाद नाही.

आपल्याला हव्या असलेल्या मॉडेलची अशी टिपणे एका कागदावर काढावीत, प्रत्येक दुखण्यासमोर त्याची खूण आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च लिहावा, आणि तो कागद हातात घेऊनच गाडी पाहायला जावे.

कागदपत्रे: शिक्क्यांपेक्षा बिले वाचावीत

सर्व्हिस बुकातले शिक्के पाहून अनेकांचे समाधान होते. मला शिक्क्यांपेक्षा बिले अधिक विश्वासार्ह वाटतात, कारण बिलावर तारीख, किलोमीटर, वापरलेल्या ऑईलचा दर्जा आणि बदललेले सुटे भाग हे सगळे लिहिलेले असते. सर्व बिले तारखेनुसार लावून किलोमीटरची चढती रांग तयार करावी. आकडा कुठे मागे गेला असेल, तर प्रश्नच मिटला, ती गाडी सोडावी. आकडा पुढे जात असूनही दोन वर्षे एकही बिल नसेल, तर त्या काळात गाडी कुठे होती, उभी होती की दुसऱ्या कोणाच्या हाती होती, हे विचारावे.

बिलांतून मालकाचा स्वभावही कळतो. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालवूनही जो दर वर्षी ऑईल बदलतो, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलतो, चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे घेतो, त्याने गाडी जपली आहे असे समजायला हरकत नाही. याउलट वर्षाला दोन वेळा ब्रेक पॅड बदलल्याची बिले दिसली, तर गाडी ट्रॅकवर जात होती हे न सांगताच समजते. ट्रॅकवर गेली म्हणून गाडी लगेच बाद होत नाही. देखभाल त्या मानाने झाली असेल आणि मालक उघडपणे सांगत असेल, तर अशी गाडी विचारात घ्यावी. लपवाछपवी असेल, तर मात्र घेऊ नये.

१९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांचा चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. काचेखाली, दाराच्या चौकटीवर, चासीवर आणि कागदपत्रांत तो एकसारखा आहे का, हे अक्षर-अक्षर ताडून पाहावे. नंबराच्या पट्टीचे रिव्हेट बदललेले किंवा आजूबाजूचा रंग खरवडलेला दिसला, तर तपासणी तिथेच थांबवावी. कर्जाचा बोजा, चोरीची नोंद आणि उत्पादकाने परत बोलावून करून द्यायची राहिलेली दुरुस्ती, या तीन गोष्टी त्याच नंबरावरून तपासता येतात.

इंजिन थंडच हवे

भेटीची वेळ ठरवताना विक्रेत्याला स्पष्ट सांगावे, की गाडी रात्रभर उभी असावी आणि मी येईपर्यंत ती सुरू करू नये. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार होताच बॉनेटवर, किंवा इंजिन मागे असेल तर मागच्या झाकणावर, तळहात ठेवावा आणि सायलेन्सरच्या टोकाजवळ हात नेऊन ऊब लागते का पाहावे.

मी स्वतः एकदा अशीच एक दोन आसनी गाडी पाहायला गेलो होतो. सकाळची वेळ होती, पण झाकण कोमट होते. मालक म्हणाले, जागा करण्यासाठी आत्ताच बाहेर काढली. गाडी सुरू केल्यावर आवाज अगदी स्वच्छ होता. तरीही मी काही न बोलता दुसऱ्या दिवसाची वेळ मागून घेतली आणि ठरल्यापेक्षा अर्धा तास लवकर गेलो. या वेळी इंजिन गार होते. चावी फिरवली, आणि पहिले चार-पाच सेकंद मागून साखळीचा खडखडाट स्पष्ट ऐकू आला. ऑईलचा दाब चढला तसा तो विरून गेला. आदल्या दिवशी ते चार-पाच सेकंदच माझ्यापासून लपवले गेले होते.

सुरू करण्यापूर्वी ऑईलची पातळी आणि रंग पाहावा. ऑईल काळे असणे हा दोष नव्हे, पण त्यात धातूची चमक दिसली, किंवा ऑईल भरण्याच्या झाकणाखाली दाट पांढरट साय जमलेली असली, तर कारण शोधायला हवे. फक्त छोट्या चकरा मारणाऱ्या गाडीतही दमटपणामुळे अशी साय जमू शकते. परंतु तोच प्रकार कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत तेलकट तवंग घेऊन दिसला, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलची) किंवा ऑईल कूलरची शंका घ्यावी. मग सोबतच्या माणसाला सायलेन्सरमागे उभे करून गाडी सुरू करायला सांगावी. थंडीत निघणारी आणि थोड्या वेळात विरणारी पांढरी वाफ नैसर्गिक आहे. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत राहिला तर कुलंट जळत आहे, निळा धूर ऑईल जळत असल्याचे सांगतो, आणि काळा धूर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात असल्याचे.

अंगावरच्या खुणा

गाडी उन्हात, कोरडी आणि धुतलेली असतानाच पाहावी. ओल्या रंगावर ओरखडे आणि लाटा दिसत नाहीत. पुढच्या कोपऱ्यावर बसून डोळे दाराच्या उंचीला आणावेत आणि बाजूच्या पत्र्यावर पडलेले प्रतिबिंब लांबवर पाहत जावे. प्रतिबिंबातली सरळ रेष जिथे थरथरते, तिथे कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालेले असते. दार, बॉनेट आणि मडगार्ड यांमधल्या फटी डावीकडे-उजवीकडे सारख्या आहेत का, हे बोट फिरवून पाहावे.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र बाळगणे फार उपयोगी पडते. कारखान्यातला रंग साधारणतः १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखादा पत्रा २५० ते ३०० दाखवत असेल तर तो पुन्हा रंगवलेला असतो, आणि आकडा हजारावर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे धरून चालावे. मात्र स्पोर्ट्‌स कारमध्ये अनेक पत्रे ॲल्युमिनियमचे, तर काही भाग कार्बन फायबरचे किंवा प्लास्टिकचे असतात. फक्त लोखंडावर चालणारे साधे यंत्र ॲल्युमिनियमवर काहीच सांगत नाही, आणि कार्बन व प्लास्टिकवर नेहमीची दोन्ही प्रकारची यंत्रे निरुपयोगी ठरतात. रंगावर पारदर्शक संरक्षक फिल्म लावलेली असेल तर तिची जाडीही आकड्यात मिळते, म्हणून तिची कड आधी शोधून घ्यावी.

आठ-दहा वर्षे चाललेल्या गाडीच्या नाकावर खड्यांचे बारीक टवके असणारच. तिथे एकही टवका नसेल, तर बंपर किंवा बॉनेट रंगवलेले आहे हे उघड आहे. केवळ टवके झाकण्यासाठी केलेला रंग हा गुन्हा नाही. प्रश्न एवढाच, की रंगाखाली आणखी काय झाकले आहे. त्याचे उत्तर आतल्या बाजूने मिळते. मडगार्ड आणि बिजागऱ्यांच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला आहे का, दोन्ही हेडलाइटवरच्या उत्पादनाच्या तारखा जुळतात का, सर्व काचा एकाच कंपनीच्या आणि एकाच सुमाराच्या आहेत का, रबरी पट्ट्यांच्या कडेला रंगाचे फवारे उडालेले आहेत का, हे शांतपणे पाहावे. डिकीतली चटई उचलून खालच्या पत्र्याच्या सांध्यांतील वेल्डचे ठिपके आणि सीलंटची रेघ दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, हेही पाहावे. कारखान्यातली सीलंटची रेघ एकसारखी असते; हाताने भरलेली रेघ जाडी-पातळ दिसते.

गाडीचा मूळ सांगाडाच कार्बन फायबरचा असेल, तर डोळ्यांनी केलेली तपासणी पुरेशी नसते. त्याच्या आतले थर सुटले तरी वरून काहीच दिसत नाही, त्यामुळे अपघाताची पुसटशी जरी शंका आली, तरी त्या कामातल्या तज्ज्ञाकडूनच खात्री करून घ्यावी.

टायर आणि ब्रेक खोटे बोलत नाहीत

मालक कसा चालवतो हे जाणून घ्यायचे असेल, तर मी आधी टायरजवळ बसतो. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर सात-आठ वर्षांचा असेल, तर रबर कडक झालेले असते आणि अशा गाडीला त्याचा भरवसा उरत नाही. तळहात टायरवर आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बिघडलेले आहे. फक्त आतली कड झिजली असेल, तर चाकांचा कोन बदललेला किंवा गाडी खाली बसवलेली असू शकते. बाहेरच्या खांद्यावर रबर गुंडाळल्यासारखे होऊन त्याचे बारीक गोळे चिकटलेले दिसले, तर ही गाडी नुकतीच ट्रॅकवर जोरात वळवली गेली आहे. मागच्या चाकांच्या कमानीआड, जिथे धुताना कोणाचा हात पोहोचत नाही, तिथे वितळून उडालेल्या रबराचे काळे ठिपकेही हीच गोष्ट सांगतात. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच जातीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असणे अत्यावश्यक आहे, नाहीतर डिफरन्शियलवर (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर) सतत ताण येतो.

ब्रेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो; प्रत्यक्ष जाडी मोजून तो ताडावा. डिस्कच्या बाहेरच्या कडेला नख लागेल इतकी उंच धार तयार झाली असेल, तर डिस्क बरीच झिजली आहे. निळसर-जांभळी झाक म्हणजे ती फार तापलेली होती. छिद्रांच्या डिस्कवर छिद्रांभोवती बारीक भेगा पडू शकतात. त्या एका छिद्रातून दुसऱ्यात किंवा डिस्कच्या कडेपर्यंत पोहोचल्या असतील, तर डिस्क बदलण्यावाचून उपाय नाही. लाल कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) रंग तपकिरी पडला असेल, तर तो उन्हाने नव्हे, ब्रेकच्या उष्णतेने पडतो. सिरॅमिक डिस्कची झीज जाडीवरून पुरती कळत नाही. अनेक उत्पादक तिच्यावर किमान वजन लिहितात आणि ती उतरवून तोलावी लागते. तिची किंमत इतकी असते, की हा एक मुद्दा सबंध व्यवहार फिरवू शकतो.

आतला भाग

इथे फार वेळ लागत नाही. स्टिअरिंगचे चामडे, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड आणि पेडलचे रबर यांची झीज किलोमीटरच्या आकड्याशी जुळते का पाहावे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा, कारण शेवटचा हातभर भाग कधी उन्हा-हवेत येत नाही. त्यावर गढूळ पाण्याची रेघ दिसली, तर गाडी पाण्यात बुडाली होती, आणि पट्ट्यावरची तारीख गाडीपेक्षा अलीकडची असेल, तर तो अपघातानंतर बदललेला असू शकतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो पेटलाच नाही, तर कोणीतरी तो मुद्दाम निकामी केलेला असू शकतो. उघडझाप होणाऱ्या छपराची दोन-तीन आवर्तने पाहावीत आणि सीटखालच्या चटईत हात घालून ओल चाचपावी. बॉक्सटरच्या पहिल्या पिढीत सीटखाली इमोबिलायझरचे (चोरीपासून बचाव करणाऱ्या यंत्रणेचे) नियंत्रण यंत्र असते आणि तुंबलेल्या नळ्यांचे पाणी नेमके तिथेच पोहोचते.

खालून पाहिल्याशिवाय निर्णय नको

गाडी रॅम्पवर चढवू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. स्पोर्ट्‌स कारच्या तळाशी प्लास्टिकचे मोठे आवरण असते, ते उतरवायलाच हवे. त्याचे अर्धे स्क्रू गायब असतील, तर आधीच्या कामाचा दर्जा तिथेच कळतो. पुढच्या बंपरच्या ओठाला खालून घासल्याच्या खुणा असणे नेहमीचेच. पण फरशी, सबफ्रेम किंवा जॅक लावण्याच्या जागा दबलेल्या असणे वेगळे. संपूर्ण तळाला नुकताच काळा थर फासलेला दिसला, तर त्याखाली गंज किंवा जोडकाम आहे का, अशी शंका घ्यावी.

ऑईलचा पुसट ओलावा आणि थेंब धरलेली गळती यांत फरक करावा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब पडत असेल, तर सील स्वस्त असते, पण तिथवर पोहोचण्याची मजुरी महाग पडते. शॉकअप ओले आहेत का, रबरी बुशना तडे गेले आहेत का, ॲक्सलचे बूट फाटून ग्रीस उडाले आहे का, हे क्रमाने पाहावे. पुढच्या रेडिएटरसमोरच्या पोकळीत पालापाचोळा साचून जाळी कुजते, म्हणून तिथे टॉर्च मारून आत डोकवावे.

रस्त्यावर

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे गाडी हळू चालवावी, आणि विक्रेता थंड इंजिन जोरात पळवून दाखवत असेल, तर ती त्याची रोजची सवय आहे असे समजावे. थंड गिअरबॉक्स थोडा कडक असणे चालते, पण दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना करकर आवाज येता कामा नये. गाडी तापल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा चपळाईने आणून पाहावी. सिंक्रो (गिअर पडताना त्यांचे वेग जुळवणारा भाग) झिजला असेल तर तो इथेच विरोध करतो. एखाद्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडल्यावर लिव्हर आपोआप बाहेर उडी मारत असेल, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे एकदम चढले आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये हळू सरकताना येणारी थरथर लक्षपूर्वक जाणून घ्यावी आणि त्याचे ऑईल ठरलेल्या अंतराने बदलल्याचे बिल मागावे. रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण फिरवून सावकाश गोल चकरा मारल्यावर मागून टकटक किंवा कचकच ऐकू आली, तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल किंवा ॲक्सलचा जोड तपासावा. ब्रेक मारल्यावर कंप स्टिअरिंगमध्ये जाणवला तर बहुधा पुढच्या डिस्कचा दोष असतो आणि सीटमध्ये जाणवला तर मागच्या.

मागून दुसऱ्या गाडीत आपला माणूस असला तर फार बरे. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरवावी आणि खाली आल्यावर तो पुन्हा दाबावा. त्या क्षणी निळ्या धुराचा लोट निघाला, तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड झिजलेले आहेत. ताकद मागतानाच सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टन आणि त्यांच्या रिंगांकडे बोट जाते. टर्बो असलेल्या गाडीत काही वेळ आयडलिंगवर ठेवून मग ॲक्सिलरेटर दिल्यावर निघणारा निळा धूर टर्बोच्या सीलचा असू शकतो.

परतल्यावर गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी गरम असतानाच पुन्हा सुरू करावी, आयडलिंगला ऑईलचा दाब पाहावा, आणि रेडिएटरचे पंखे सुरू होतात ना याची खात्री करावी. अनेक गाड्यांतील तापमानाचा काटा मोठ्या टप्प्यात मध्यावरच स्थिर राहील असा बसवलेला असतो, म्हणून त्याच्यावर न विसंबता खरे तापमान स्कॅनरवर वाचावे.

यंत्राने घेतलेली साक्ष

ओबीडी-२ ची (गाडीच्या संगणकातले दोष वाचण्याच्या प्रमाणित व्यवस्थेची) जोडणी अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपातील पेट्रोल गाड्यांत २००१ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत साधा स्कॅनरही चालतो. केवळ दोषाचे कोड नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये. गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या आहेत का, आणि कोड पुसल्यापासून किती अंतर चालली, हेही दिसते. त्या चाचण्या अपूर्ण असतील, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी नुकतीच काढली आहे. इंधनाच्या प्रमाणात संगणक स्वतःहून करत असलेली दीर्घकालीन सुधारणा (फ्युएल ट्रिम) शून्याच्या जवळ असावी. ती दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली, तर हवेची गळती, सेन्सर किंवा इंधनपुरवठा यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

काही गाड्या याहून पुढे जातात. पोर्शे ९११ च्या ९९७ पिढीचा संगणक मर्यादेपलीकडे गेलेले फेरे सहा टप्प्यांत नोंदवतो आणि शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही ठेवतो. हाताने बदलायच्या गिअरबॉक्समध्ये वरच्या टप्प्यांतल्या नोंदी ॲक्सिलरेटर दाबून होत नाहीत, कारण फेऱ्या मर्यादेत ठेवणारा लिमिटर मध्ये येतो. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि लिमिटरचे काही चालत नाही. अशाच चुकीने मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या घरात जाणाऱ्या होंडा एस२००० सारख्या इंजिनात व्हॉल्व्ह वाकू शकतात. शेवटची नोंद शेकडो तासांपूर्वीची असेल आणि गाडी त्यानंतर सुरळीत चालली असेल, तर काळजी कमी. ती कालपरवाची असेल, तर गाडी सोडावी.

कॉम्प्रेशनची चाचणी गरम इंजिनावर, इंधन व ठिणगी बंद करून आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून घेतात. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात थोडे ऑईल टाकून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. रोटरी इंजिनाला मात्र त्याचा खास मापकच लागतो, कारण प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचा दाब वेगवेगळा वाचावा लागतो. लीक-डाउन चाचणी याहून बोलकी असते. सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरतात आणि ती कुठून सुटते ते ऐकतात: थ्रॉटलमधून सुटली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून सुटली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईलच्या तोंडातून सुटली तर रिंग, आणि कुलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. प्लग काढलेच आहेत, तर बारीक कॅमेरा आत घालून सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे आहेत का, हेही पाहून घ्यावे.

बदल केलेली गाडी

नुसती मूळ अवस्थेतली गाडी मिळत असेल, तर माझा कल नेहमी तिच्याकडेच असेल. इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून टॉर्क वाढवला, की क्लच, गिअरबॉक्स आणि पिस्टन या सगळ्यांवर तो ताण जातो, आणि सायलेन्सरच्या नळीतला उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकला असेल, तर ती गाडी उत्सर्जनाच्या चाचणीत अडकू शकते. बदल नामांकित माणसाकडून, बिलासह आणि डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदासह झाले असतील तर विचार करता येतो. विकण्यासाठी घाईने पुन्हा मूळ रूपात आणलेली गाडी ओळखायला शिकावे: जुन्या धुळीत दोनच चकचकीत बोल्ट, कापून पुन्हा जोडलेल्या वायरी, व्हॅक्यूमच्या नळीत बुजवलेला एखादा फाटा, सीटमागच्या फरशीत पाच-बिंदू पट्ट्याची किंवा रोलकेजची बुजवलेली भोके.

व्यवहार

आपली तपासणी झाल्यावरही त्याच मॉडेलवर रोज काम करणाऱ्या, आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, मेकॅनिककडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी आणि चारही चाकांच्या अलाइनमेंटचा छापील अहवाल घ्यावा. एखादा कोन समायोजनाच्या मर्यादेतही बसत नसेल, तर काहीतरी वाकलेले आहे. सापडलेल्या दोषांचे लेखी अंदाजपत्रक समोर ठेवून किंमत बोलावी. तोंडी घासाघीस करण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. टायर, बॅटरी, ब्रेक ऑईल, पॅड ही कामे किमतीत वळती करता येतात. चासी वाकलेली, नंबर संशयास्पद, किंवा अपघात लपवलेला असेल, तर किती पैसे कमी केले याला अर्थ उरत नाही.

पैसे देण्यापूर्वी चासी नंबर पुन्हा एकदा वाचावा, दोन्ही चाव्यांनी गाडी सुरू करून पाहावी, काढून ठेवलेले मूळ भाग, चाकाच्या कुलपाची चावी आणि सगळी बिले गाडीत ठेवून घ्यावीत. गाडी हाती आल्यावर पहिल्या आठवड्यातच इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रेक यांची सर्व ऑईले बदलावीत. इंजिनाचे जुने ऑईल उतरवताना मधल्या धारेतला थोडा नमुना स्वच्छ बाटलीत धरून प्रयोगशाळेत पाठवावा आणि निघालेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात पाहाव्यात. लोह, तांबे आणि शिशाचे त्या दिवशीचे आकडे वहीत लिहून ठेवले, म्हणजे वर्षभराने पुढचे ऑईल बदलताना तुलनेसाठी पहिली नोंद हाताशी असते.